एशियाड आणि पांदणीतली तार

एसटीचा डायव्हर भीमराज हिंगोली डेपोतून निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि 'विनाअपघात सेवा' असं कोरलेला एक बिल्ला मिळाला. साहेबांनी भाषणात त्याचं नाव भीमराव असं घेतलं आणि शेवटपर्यंत तसंच रेटलं. त्याची पोरगी प्रियदर्शनी हिंगोलीतच शाळेवर शिकवते. ती म्हणाली, "बाबा, आता एखादी स्कूटी घ्या, गावात फिरायला बरी." भीमराजनं मान डोलावली, माळेगावच्या यात्रेला गेला आणि घोडी घेऊन साखऱ्याला परत आला.

टेम्पो दारात थांबला. घोडी आधी उतरली, तिच्यामागून शाल पांघरलेला भीमराज उतरला. त्याची बायको जनकाबाई हातातली भाकरी परातीत तशीच टाकून बाहेर आली.

"हे काय?"

"घोडी."

"ते दिसून राहिलं. काहून आनली?"

भीमराजनं उत्तर वाटेत जुळवून ठेवलं होतं. "उभा जलम डांबरावर गेला, जनका. जिथवर डांबर तिथवर मी. आता जिथं डांबर न्हाई तिथून जायचं हाय मला."

"मंग पायी जा की. तुमच्या पायाला कोन आडवलं?"

एवढं पुढचं जुळवलेलं नव्हतं, म्हणून तो घोडीला पाणी दाखवायला घेऊन गेला.

घोडी पांढरी होती, पण गवतात लोळायची तिला भारी हौस, त्यामुळं पोटाखालून हिरवी. पांढरा आणि हिरवा रंग पाहून भीमराजला जुन्या निमआराम एशियाड गाड्यांची आठवण झाली आणि त्यानं तिचं नाव एशियाड ठेवलं. लहानपणी धनगरांच्या तट्टांवर चोरून बसायची सवय होती, तेवढ्या भांडवलावर तो खोगिरावर चढला. सवयी मात्र गाडीच्याच राहिल्या. वळायच्या आधी हात बाहेर काढायचा. घोडी मागं घ्यायची झाली की तोंडानं "येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणायचा. आठवडाभरात एशियाडला ते कळायला लागलं आणि ती "बस"ला थांबायला लागली. गावातल्या टवाळांनी पाराशी थांबून हात करायला सुरुवात केली. भीमराज गंभीरपणे सांगायचा, "विनाथांबा हाय."

पण डांबर संपलं की मोकळं रान लागतं, ही त्याची समजूत जुनी झाली होती. त्याच्या लहानपणी शिवारात बांध होते, बाभळी होत्या, फार तर बोराटीच्या काट्यांचं कुंपण. तो हिंगोली-परभणी करत राहिला तेवढ्या काळात मागं सगळ्या शिवारात तारा पसरल्या. रोही म्हणजे नीलगाई आल्या, रानडुकरं आली, हरणं आली. त्यांच्या पाठोपाठ तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन आलं. हरभऱ्याला झटका, गव्हाला झटका. जिथं झटका नाही तिथं काटेरी तार, जिथं काटेरी नाही तिथं विजेच्या खांबाला दिलेली ताणाची तार, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीची लोंबणारी केबल. पायी जाणारा माणूस हे सगळं बघत बघत ओलांडून जातो. घोड्यावरच्या माणसाला वरची तार गळ्याशी येते आणि घोड्याला खालची पायाशी. मधल्यामध्ये दोघंही मोकळे असतात, एवढंच काय ते रान.

पहिला धडा माणिकरावच्या हरभऱ्यात मिळाला. हिरवागार हरभरा पाहून एशियाडनं मान लांबवली आणि नाकपुडी तारेला लावली. झटका मशीननं आपलं काम बराबर केलं. घोडी चारी पायांवर उडाली, उतरताना तिनं दिशा बदलली, आणि भीमराज मात्र जुन्याच दिशेनं पुढं गेला. तो उठून बसला तेव्हा त्याच्या तोंडात हरभऱ्याचा घाटा होता. त्यानं तो सवयीनं चावला. कोवळा होता.

घरी आल्यावर जनकाबाईनं त्याच्या पाठीला हळद लावता लावता विचारलं, "आता त्या बिल्ल्याचं काय करायचं?"

"निवृत्तीनंतरचे अपघात धरत न्हाईत," भीमराज पालथा पडून म्हणाला.

त्या दिवसापासून एशियाडनं जगातल्या सगळ्या बारीक, लांब वस्तूंशी वैर धरलं. अंगणातली धुणं वाळत घालायची दोरी दिसली की ती फुरफुरायची. शेजारच्या पोरानं दाव्यानं वासरू बांधलं तर दावं सुटेपर्यंत ही अंगणात यायला तयार नाही. आणि खरी तार आली की उलट! बारीक तार तिला लांबून दिसायचीच नाही. अगदी छातीशी आल्यावर दिसायची आणि मग भीमराजला पुन्हा नव्या जुन्या दिशांचा हिशेब करावा लागायचा.

भीमराजनं डायव्हरच्या डोक्यानं विचार केला. रस्त्याचं काम चालू असलं की काय करतात? लाल फडकं लावतात. पुलाचा कठडा तुटला की काय करतात? कठडा कधी दुरुस्त करत नाहीत, पण लाल फडकं लावतात. समोरच्याला धोका दिसला पाहिजे, बास. त्यानं खिशात पक्कड ठेवली, हातात एक वाळका बांबू घेतला, गवत दिसलं की आधी उतरून बांबूनं चाचपायचं असा नियम केला, आणि फडक्यासाठी जनकाबाईची पेटी उघडली. पेटीत तळाशी एक लाल लुगडं होतं. जुनं दिसलं. त्यानं त्याच्या पट्ट्या फाडल्या.

फडकी लावण्याआधी मात्र तो माणिकरावला भेटायला गेला, कारण त्याच्या वाटेतली सगळ्यात वाईट तार झटक्याची नव्हतीच. ती होती पांदणीत. साखऱ्याच्या पश्चिमेला ओढ्याकडं जाणारी जुनी बैलगाडीची पांदण माणिकरावच्या दोन वावरांच्या मधून जायची. माणिकरावनं ती एका दिवसात खाल्ली नाही. नांगराचं एक तास यंदा, एक तास पुढल्या साली, असं दोन्हीकडून सरकत सरकत त्यानं ती जेमतेम एक जनावर जाईल एवढी अरुंद केली आणि मग डुकरांचं निमित्त करून तिच्या तोंडाला काटेरी तार ओढली.

माणिकराव आणि भीमराज शाळेत एकाच वर्गात होते. माणिकराव त्याला 'तू' म्हणायचा आणि भीमराज माणिकरावला 'तुमी'. हे कुणी ठरवलं नव्हतं, असं दोघंही म्हणाले असते.

"माणिकराव, पांदनीतली तार जरा काढा की. घोडी जात न्हाई."

माणिकराव ओट्यावर बसून हळदीचं बेणं निवडत होता. "कोनती पांदन?"

"ओढ्याकडची. नकाशात हाय."

"नकाशात तर समुद्र बी हाय. म्हनून काय मी साखऱ्यात होडी घेऊ का?" त्यानं एक कंद लांब फेकला. "तू असं कर भीमराज, घोडी इक आन बकरी घे. ती तारंखालून जाते."

माणिकरावची बायको आशाबाई चहा घेऊन आली होती. ती हसली नाही, पण तिच्या कपातला चहा हलला. भीमराज चहा पिऊन उठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्या शिवारभर फडकी बांधली. झटक्याच्या तारेला हात लावायचा नाही म्हणून तिथं शेजारच्या खांबांना, ताणाच्या तारेला डोक्याच्या उंचीवर, आणि पांदणीच्या तोंडाशी काटेरी तारेला चांगल्या जवळजवळ, घट्ट गाठी मारून. एशियाडला फडकं दिसलं की ती लांबूनच कान उभे करून थांबायला लागली. भीमराजला वाटलं, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचू नये म्हणजे कमाल आहे.

गावाला मात्र वेगळंच सुचलं.

आशाबाई सकाळी वावरात गेली आणि तिनं पांदणीच्या तोंडाशी तारेवर ओळीनं लटकलेली लाल फडकी पाहिली. प्रत्येकाला गाठ. तिनं पदर तोंडाला लावला आणि पाऊल न वाजवता घरी आली. योगायोग असा, की त्याच दिवशी माणिकरावच्या विहिरीवरची मोटार जळाली आणि त्याच्या म्हशीनं दूध चोरलं, धार देईना. मोटार दर हंगामात जळायची आणि म्हैस तर स्वभावानंच चोरटी होती. पण त्या दिवशी दोन्हींना अर्थ आला. दुपारपर्यंत गावात एकच शब्द फिरत होता: भानामती.

भीमराजच्या कानावर ते आलं तेव्हा तो पोट धरून हसला. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तो. दर जयंतीला भानामती कसं थोतांड आहे ह्यावर त्याचं भाषण ठरलेलं. तो सरळ पारावर गेला आणि म्हणाला, "अरे लेकहो, फडकी मी बांधली. घोडीला तार दिसावी म्हनून."

 मग उत्तमराव नावाचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हंजे कबूल हाय."

"काय कबूल हाय? भानामती नसते म्हनून मीच दर साली सांगतो न्हाई का?"

"तेच म्हनून राहिलो," उत्तमराव म्हणाला. "इतका अभ्यास आसल्याबिगर कोन सांगंल?"

तिथून पुढं भीमराजनं जितकं समजावलं तितका तो अडकत गेला. लोक त्याच्या घरावरून जाताना खाली बघून जायला लागले. पाराशी एशियाडला हात करणारे टवाळ एकाएकी सभ्य झाले. एक बाई जनकाबाईकडं गुपचूप येऊन विचारून गेली की सुनेचं तोंड बंद करायला किती फडकी लागतात. बौद्धवाड्यातल्या दोन जाणत्या माणसांनी भीमराजला विहारात बोलावून घेतलं आणि बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "दुसरा रंग न्हवता का घरात?"

घरी त्याहून मोठं प्रकरण उभं होतं. जनकाबाई पांदणीपर्यंत जाऊन आली होती. "भानामती असो नसो," ती म्हणाली, "ते लुगडं माझ्या मायनं प्रियदर्शनीच्या बारशाला घेतलं व्हतं."

"जुनं दिसलं म्हनून—"

"जुनं तर तुमी बी दिसता."

त्या रात्री भीमराजला भाकरीबरोबर नुसतं मीठ मिळालं. त्यानं मुकाट खाल्लं. चूक झाली होती, आणि ती भानामतीपेक्षा जड होती.

इकडं माणिकरावची तारांबळ उडाली होती. फडकी तारेवर ठेवून चालेना आणि त्यांना हात लावायची हिंमत होईना. मजूर त्या बाजूला फिरकेनात. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. लांब दोर घेतला, पांदणीच्या तोंडाच्या खांबांना लांबूनच फास टाकले, दुसरं टोक ट्रॅक्टरला बांधलं आणि ट्रॅक्टर पळवला. खांब उपटले, तार तुटून गवतात पडली, फडकी गवताखाली गेली. माणिकरावनं ट्रॅक्टरवरूनच हात जोडले आणि मागं न बघता घरी गेला. पसरलेली तार गोळा करायची म्हणजे तिला हात लावायचा. ते त्यानं सोडून दिलं.

ही गोष्ट भीमराजला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो एशियाडवर बसून पांदणीकडं गेला, तर समोर पांदण मोकळी! खांब नाहीत, तार नाही, फडकं नाही. त्याचं मन एवढं भरून आलं की बांबूनं चाचपायचा स्वतःचाच नियम तो विसरला. "माणसं वाईट नसतात, एशियाड," असं काहीतरी तो बोलला आणि त्यानं तिला आत घातली.

ताणलेली तार वाईट, पण ढिली तार तिची थोरली बहीण. ताणलेली माणसाला अडवते. ढिली आत येऊ देते आणि मग धरते. एशियाड गवतातून पाच-सहा ढांगा गेली असेल. मागचा एक पाय उचलला तो उचललाच गेला नाही. तिनं झटका मारला तशी तार वळसा घेऊन वर चढली, दुसरा वळसा बसला, आणि काटे कातडीत रुतले. घोडी असं काही किंचाळली की पार बांधापलीकडं ऐकू गेलं.

तो कसा उतरला ते त्यालाही सांगता आलं नसतं. लगाम तोंडाजवळ धरून त्यानं तिचं डोकं छातीशी घेतलं. जनावर आता ओढ घेईल, आणि ओढ घेतली की पायाची शीर तुटेल, एवढं त्याला कळत होतं. खिशात पक्कड होती. पण पक्कड घेऊन मागं जायचं तर डोकं सोडावं लागेल, आणि डोकं सोडलं की ती पळणार. माणूस एक, घोडी एक, आणि अडचण तिच्या दोन्ही टोकांना.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल तिच्या डोळ्यांवर टाकला आणि बोलायला लागला. घोडीशी काय बोलायचं हे त्याला सुचेना, म्हणून गाडीचे जे थांबे तोंडात बसलेले होते तेच आले. "औंढा... औंढा आलं बघ. थांब जरा. मंग जवळा बाजार. जवळा बाजारला पाच मिंटं थांबू, च्या घिऊ. मंग हट्टा. हट्ट्याला कोनी उतरत न्हाई. मंग झिरो फाटा..." गाडी सावकाश चालली होती. एशियाडची कातडी थडथडत होती. ती उभी राहिली. मागच्या पायावरून रक्ताची बारीक धार खुरापर्यंत आली होती.

परभणी आली, परभणीहून परत निघायची वेळ झाली, तेवढ्यात बांधावर माणिकराव दिसला. किंचाळी ऐकून धावत आला होता, आणि बांधावर येऊन खिळला होता.

"माणिकराव, लवकर या. माझ्या खिशात पक्कड हाय. तार तोडा."

माणिकराव हलला नाही. त्याची नजर घोडीच्या पायाशी होती. तिथं तारेबरोबर एक लाल फडकं वर आलं होतं.

"माणिकराव."

"आधी तुमी ते उतरवा," माणिकराव म्हणाला.

भीमराजला आधी कळलंच नाही. मग दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे माणिकराव काय मागतोय ते. दुसरी म्हणजे तो 'तुमी' म्हणाला होता. शाळेपासून आजवर पहिल्यांदा.

"अहो, उतरवायला हाय काय तिथं? लुगड्याची चिंधी हाय ती. माझ्या बायकोचं लुगडं."

"उतरवा म्हन्तो ना. हात जोडतो."

एशियाडनं पाय हलवला. तार करकरली. भीमराजनं तिचं डोकं आणखी घट्ट धरलं. एवढी वर्षं पारावर उभा राहून तो सांगत आला होता की मंत्रानं काही होत नाही. आता इथं मंत्र म्हटल्याशिवाय पक्कड हलणार नव्हती. प्रतिज्ञा आठवल्या, विहारातली जाणती माणसं आठवली. आणि हाताखाली घोडीच्या मानेची शीर उडत होती. त्यानं डोळे मिटले आणि खर्जातल्या आवाजात, घाईघाईनं, सुरू केलं:

"गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. शरीराचा कोनताही भाग खिडकीबाहेर काढू नये. गाडीत थुंकू नये. बीडी-सिगारेट वढू नये. बेवारस वस्तूला हात लावू नये. सामानाची जबाबदारी ज्याची त्याच्यावर. विनातिकीट प्रवास करू नये, करू नये, करू नये." शेवटी एक फुंकर मारली. फुंकर का मारली हे त्याला आयुष्यभर सांगता आलं नाही.

"झालं?" माणिकराव बांधावरून म्हणाला.

"झालं."

माणिकराव खाली उतरला. त्यानं भीमराजच्या खिशातून पक्कड काढली आणि घोडीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसला. लाथ बसली तर कपाळमोक्ष, हे त्यालाही दिसत होतं. घोड्याचं त्याला पहिल्यापासून भ्यावच होतं. "तिला म्हनावं मी हाय," तो म्हणाला.

"म्हनलं. ती म्हनती मंग काय झालं."

माणिकरावनं तार तोडायला सुरुवात केली. एक वळसा सुटला. दुसरा कातडीत रुतलेला होता. त्यानं बोटांनी काटा वेगळा केला, तो त्याच्या तळहातात शिरला, तरी त्यानं हात काढला नाही. तिसऱ्या ठिकाणी पक्कड बसली, तार तुटली, आणि एशियाड पुढं धडपडून मोकळी झाली. माणिकराव मागं पडला आणि गवतात तसाच बसून राहिला. हाताला रक्त होतं, त्यातलं कुठलं घोडीचं आणि कुठलं त्याचं ते कळत नव्हतं.

सेनगावहून जनावरांचे डॉक्टर आले. शीर वाचली होती. त्यांनी जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि आणखी एक सुई आहे म्हणाले तेव्हा ती आपल्यालाच असं वाटून माणिकराव घोडीपेक्षा जास्त हलला. पण त्याला त्यांनी नुसतं दवाखान्यात जा म्हणून सांगितलं.

गावाला आता काही संशयच उरला नाही. भीमराजनं लावलेलं भीमराजनंच उतरवलं, माणिकरावच्या डोळ्यांदेखत. भीमराजचं मात्र खाण्यापिण्यात लक्ष लागेना. जनकाबाईनं त्याला दोन दिवस पाहिलं आणि मग म्हणाली, "तोंड असं काहून केलं? घोडी तर वाचली."

त्यानं तिला सगळं सांगितलं. फुंकरीसकट.

जनकाबाईनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "विनातिकीट तीनदा म्हनलात?"

"मंत्र वाटावा म्हनून."

"जा. त्याला सांगून या. न्हाई तर ह्या जलमी तुमचा घास खाली उतरायचा न्हाई."

भीमराज गेला. माणिकराव ओट्यावरच होता, तळहाताला पट्टी बांधलेली. आशाबाईनं चहा ठेवला आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"माणिकराव, त्या दिवशी मी जे म्हनलं ते मंत्र-बिंत्र काही न्हवतं. एसटीत लिहिलेलं असतं ते म्हनलं मी. तुमाला फसवलं. मला ते पटत न्हाई म्हनून सांगाया आलो."

माणिकरावनं चहा बशीत ओतला, फुंकला, पिऊन संपवला.

"मला म्हायती हाय."

"काय म्हायती हाय?"

"अरे जलमभर तुझ्याच गाडीत बसलो मी. बीडी वढू नये हे माझ्या डोक्यावरच लिहिलेलं असायचं, आन खाली बसून मी बीडी वढायचो. मला कळंना व्हय?"

भीमराजनं कप खाली ठेवला. "मंग आलात काहून?"

"घोडी मरून राहिली होती." माणिकराव पट्टीकडं बघत म्हणाला. "माझा पाय उचलंना. तू कायबी म्हनला असतास तरी चाललं असतं. मला उतराया कारन पायजे होतं."

आशाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "आन म्हैस आजून दूध चोरूनच राहिली, भावजी. त्याला कायबी उतरवू नका."

"मंग गावाला सांगू का खरं?" भीमराजनं विचारलं.

आता मात्र माणिकराव घाबरला. "सांगू नको. पांदन मोकळी झाली ना तुझी? मी ती तार भिऊन काढली असं लोक म्हनतात. म्हनू दे. मोठ्या मनानं काढली म्हनले तर उद्या चौघं येतील बांध मागाया. भेकड मानसाला कोनी काही मागत न्हाई."

"मला न सांगता ऱ्हावनार न्हाई, माणिकराव."

"मंग सांग. कोन इश्वास ठेवनार हाय तुझ्यावर?"

हे खरं होतं. भीमराजनं पारावर सगळ्या सूचना शब्दाशब्दानं म्हणून दाखवल्या; उत्तमरावनं त्या डोळे मिटून ऐकल्या आणि शेवटी पुन्हा एकदा म्हणायची विनंती केली, त्याचे सांधे दुखत होते म्हणून.

राहिली गवतातली तार. ती तशी ठेवून चालणार नव्हतं. आज घोडी, उद्या कुणाचं लेकरू. एका सकाळी दोघं पांदणीत गेले. भीमराज बांबूनं गवत चाचपत पुढं आणि माणिकराव जाडजूड हातमोजे घालून मागं तार गुंडाळत. एशियाड लांब बाभळीखाली तीन पायांवर भार देऊन उभी होती आणि दोघांकडं अविश्वासानं बघत होती.

"उलटी गुंडाळून राहिलास तू," माणिकराव म्हणाला. "पीळ बसतो."

"तूच धरलीस उलटी," भीमराज म्हणाला.

म्हटल्यावर तो 'तू' त्याच्या लक्षात आला. त्यानं मान वर करून पाहिलं. माणिकरावचा पायजमा काट्यात अडकला होता आणि तो एका पायावर उभा राहून तो सोडवायच्या नादात होता. त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही.

"बघून काय राहिला लेका," माणिकराव म्हणाला. "पक्कड आन इकडं."